जुना संगणक भंगारात काढण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या घरी २०१४ साली घेतलेला संगणक आहे. सुरू व्हायला चार-पाच मिनिटे घ्यायचा. सांगलीतल्या एका दुकानात नेला, तर 'भंगारात द्या, नवा घ्या' एवढेच उत्तर मिळाले. उघडूनही पाहिला नाही. याचे मला फार वाईट वाटले.

विश्रामबागेतल्या भाच्याने रविवारी तो घरीच उघडला. आतली हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी तबकडी. तिच्यावरची माहिती शोधण्यातच सगळा वेळ जात होता. तिच्या जागी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, बसवली. तिच्यात फिरणारा भागच नसतो. चार जीबी रॅमच्या (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या) जोडीला आणखी चार जीबीची पट्टी लावली; ती मात्र डीडीआर३ या जुन्या प्रकारचीच लागते, नंतरची डीडीआर४ त्या खाचेत बसत नाही. (रॅमला हात लावण्याआधी प्लग काढून कॅबिनेटच्या पत्र्याला स्पर्श करावा, अंगावरची स्थिर वीज उतरते.) आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो.

विंडोज १०ची नेहमीची सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि आमच्या संगणकातला चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरांच्या यादीत नाही. म्हणून आम्ही विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही संगणकप्रणाली घातली. मराठी टंकलेखन त्यात उत्तम चालते. हे पत्र त्यावरच लिहिले आहे.

दुकानदारांनी ग्राहकाला हा पर्याय आधी सांगावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली