चाचा, तुमचे जाहीर आभार

प्रिय चाचा,

सप्रेम नमस्कार.

फेसबुक तुमच्या सुनेच्या फोनवर असतं, हे मला ठाऊक आहे. तीच वाचून दाखवेल. "नाव घालू नगा, उधारीवालं येत्यात" असं तुम्ही बजावलंत, म्हणून नाव लिहीत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांची गाडी तुमच्या गॅरेजच्या पिटवरून गेली आहे, त्यांना 'चाचा' एवढं पुरे.

माझी गाडी म्हणजे २००५ची मारुती ८००. हे मॉडेल १९८३च्या डिसेंबरात रस्त्यावर आलं आणि २०१४च्या जानेवारीत कारखान्यातून निघायचं थांबलं. माझं माहेर वैभववाडीकडचं, म्हणजे गगनबावड्यावरून करूळ घाट उतरणं आलंच. त्या रस्त्याला गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या समोरून येतात, आपल्याला कडेच्या खड्ड्यात उतरावं लागतं, आणि अशा वेळी स्टिअरिंग हातात सैल वाटलं की पोटात गोळा येतो. माझं तसंच चाललं होतं. साठच्या पुढे गेलं की हातांना थरथर, स्पीडब्रेकरवर डावीकडून खटखट, ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढायची आणि पुढचा टायर आतल्या कडेने खाल्लेला.

ही सगळी तक्रार मी तुमच्याआधी ज्या वर्कशॉपला सांगितली ते फार चकचकीत आहे. बसायला एसी खोली, मशीनची कॉफी, इस्त्रीच्या शर्टातला सुपरवायझर. त्याने बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "सर नाही आले?" मग अलाइनमेंट केलं, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घेतले. खटखट तशीच. मग टायर बदलायला लावले. खटखट तशीच. पुन्हा अलाइनमेंट, पुन्हा पावती. मी बाजूला बसून ऐका म्हटलं, तर तो एकटाच गल्लीतल्या गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून आला. "जुनी गाडी आहे मॅडम, आवाज येणारच. विकून टाका आता." बिलावर मात्र 'ग्राहकाचे पूर्ण समाधान' असं छापलेलं होतं, त्याच्याखाली माझीच सही.

चाचा, तुम्ही काय केलंत ते तुमच्या लक्षातही नसेल. तुमच्यासाठी तो रोजचा धंदा होता. मी सांगत होते आणि तुम्ही ऐकत होतात, मध्येच "कॉम्प्रेसर बंद कर रं" असं पोराला ओरडलात. सगळं गॅरेज गप्प झालं. चाक बाहेरच्या बाजूला वळवून ठेवलंत, मागे हात घालून टाय रॉडचा, म्हणजे स्टिअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांडीचा, जॉइंट कापडाने पुसलात. दोनदा पुसलात. मला वाटलं तुम्हाला बघायचं असेल. पण तुम्ही बाजूला सरकून म्हणालात, "ताई, हितं बसा. हात द्या."

मी शाळेतून तशीच आले होते, स्टार्चच्या साडीत. तुम्ही पोतं अंथरलंत. माझी बोटं त्या जॉइंटवर ठेवायला लावलीत आणि पोराला आत बसवून स्टिअरिंग अगदी थोडं, चिमूटभर, डावी-उजवीकडे हलवायला सांगितलंत. टक. टक. दांडी आधी हलायची, चाक मागाहून. जी खटखट मी इतके महिने लोकांना तोंडाने सांगत फिरत होते, ती माझ्या बोटाखाली होती.

"लागली न्हवं हाताला? मग हाय ती," एवढंच म्हणालात तुम्ही.

खरं सांगते, तिथे पोत्यावर बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आलं. तुम्हाला नुसतं बिघाड सांगून पैसे घेता आले असते, मी दिलेही असते. तुम्ही मला तो दाखवलात, आणि दाखवण्याआधी माझा हात काळा होऊ नये म्हणून तो पुसलात. सर कुठे आहेत, हे तुम्ही शेवटपर्यंत विचारलं नाहीत.

मग गाडी उचलून चाक वर-खाली धरून हलवलंत, तर चाकाला खालून धरणारा बॉल जॉइंटही गेलेला. त्याच्यावरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, केव्हाचा फाटलेला, ग्रीस बाहेर आणि घाटातली धूळ-पाणी आत. हा जॉइंट सुटला तर चाक भलतीकडे वळतं, हे तुम्ही मला नंतर, काम झाल्यावर सांगितलंत. बरं केलंत, नाहीतर त्या दिवशी घरी रिक्षाने गेले असते. अलाइनमेंटच्या पावत्या दाखवल्या तेव्हा हसलात: "हलत्या दाताला पॉलिश करून काय उपेग?"

दोन्ही टाय रॉड एंड, बॉल जॉइंट ज्यांच्या टोकाला असतो ते दोन्ही लोअर आर्म, वळणावर गाडीचं झुकणं आवरणाऱ्या स्टॅबिलायझर बारचे रबरी बुश, एवढं बदललंत. मी भीत भीत विचारलं, रॅक, म्हणजे टाय रॉडना ढकलणारा स्टिअरिंगचा दातेरी दांडा? वर्कशॉपने "पूर्ण रॅक जाईल" असं आधीच घाबरवून ठेवलं होतं. तुम्ही तो हलवून, वाकून, पुन्हा हलवून पाहिलात आणि म्हणालात, "रॅक चांगला हाय. बूट तेवढं नवं घालतो." माझ्या पगारात या वाक्याची किंमत किती, ते तुम्हाला सांगत नाही.

आणखी एक पाहिलं. आर्मचे बोल्ट तुम्ही गाडी वर असताना नुसते लावून ठेवलेत. चाकं जमिनीला टेकवली, गाडीचा भार आला, मग पिटमध्ये उतरून आवळलेत. पोराने कंटाळून विचारलं, वरच का नाही आवळायचे? "लटकत्या गाडीत आवळलं की रबर पिळल्यालंच ऱ्हातंय. चार म्हैन्यात फाटतंय." मी परत चार महिन्यांनी आले असते तर तुमचाच फायदा होता, चाचा. अलाइनमेंट त्यानंतर केलंत, एकदाच.

अशी माणसं अजून आहेत. दळण ओलसर आहे, उद्या उन्हात घालून आणा म्हणून गिऱ्हाईक परत पाठवणारा आमचा गिरणीवाला आहे. एवढी गोळी कशाला, दोनच घ्या म्हणत पट्टी कापून देणारा औषधवाला आहे. यांच्या दुकानावर तक्रारपेटी नसते आणि फलकावरची अक्षरंही उडालेली असतात. चकचकीत ठिकाणी जाणं आपण शिकलो, त्यामुळे यांच्याकडे पोचायला उशीर होतो, एवढाच राग आहे माझा.

परवा करूळ उतरून आले. वळणावर स्टिअरिंग सोडलं की आपोआप सरळ येतं, हे मी विसरूनच गेले होते.

पाचशे किलोमीटर झाले की नट बघायला आणा, पैसे नको, म्हणालात. गणपतीला माहेरी जाऊन आले की येते. तुम्हाला आगळाची बाटली आणि स्टिअरिंग हलवणाऱ्या त्या पोराला फणसपोळी आणते. मजुरी घ्यायची नसेल तर हे तरी नको म्हणू नका.

आपली,
पांढऱ्या ८००वाली ताई