दासी नव्हे, मानकरीण

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीतला ब्रिटिश राजघराण्यावरचा लेख आवडला. मात्र त्यात ‘लेडी-इन-वेटिंग’ची, म्हणजे राणीसोबत राहणाऱ्या मानाच्या सोबतिणीची, सरळ ‘दासी’ करून टाकली आहे, तीही चार वेळा. एकदाच असती तर मी सोडून दिले असते.

दासीला धनी असतो आणि सुटका नसते. या बायका मात्र उमरावांच्या घरच्या, घरी स्वतःच्या दिमतीला नोकरचाकर असलेल्या. दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या पदरी असणाऱ्यांना पगार असा नसे. पाळीपाळीने यायचे, राणीच्या दोन पावले मागे राहायचे, तिला मिळालेले पुष्पगुच्छ आपण सांभाळायचे आणि लहान मुलांनी राणीला पाठवलेल्या पत्रांना तिच्या वतीने उत्तरे लिहायची. आपल्या भाषेत याला चपखल शब्द आहे, मानकरी. मानही त्याचा आणि ताटकळत उभे राहणेही त्याचेच.

पत्रांचे वाचले आणि माझेच दिवस आठवले. एकतीस वर्षे मी एका मोठ्या साहेबांची स्वीय सहायक होते. त्यांच्या नावाने जाणारी सांत्वनपत्रे मीच लिहायची. ते फक्त सही करत. एकदा एक गृहस्थ येऊन त्यांचा हात धरून म्हणाले, “तुमचं ते पत्र अजून जपून ठेवलंय.” साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मी फाइल उघडली.

दरबारातले काम किती अंगमेहनतीचे होते ते फॅनी बर्नीकडून कळते. कादंबरीकार म्हणून नाव झालेली ही बाई १७८६ मध्ये तिसऱ्या जॉर्ज राजाच्या शार्लट राणीच्या वस्त्रागारात रुजू झाली, वर्षाला २०० पौंडांवर. पद लेडी-इन-वेटिंगच्या खालचे, पण वाडा तोच. रुजू होण्याआधीच तिने बहिणीला दरबारी रीत थट्टेने कळवली होती: राणीसमोर खोकायचे नाही, शिंकायचे नाही, डोक्यात टाचणी घुसली तरी ती काढायची नाही. पुढे ती थट्टा तिच्याच अंगाशी आली. सकाळी सहाला उठायचे, रात्री अकरा-बारापर्यंत तिष्ठायचे आणि राणीने घंटा वाजवली की धावायचे. त्या घंटेचा तिला फार अपमान वाटे. पाच वर्षांत तब्येत ढासळली आणि १७९१ मध्ये ती वर्षाला १०० पौंडांचे निवृत्तिवेतन घेऊन बाहेर पडली. (घंटेपुरता तुमच्या लेखकाचा ‘दासी’ शब्द मला मान्य आहे.)

पण दासींच्या नेमणुकीवरून सरकारे अडत नाहीत. १८३९ च्या मे महिन्यात टोरी पक्षाचे रॉबर्ट पील पंतप्रधान व्हायला निघाले होते. व्हिक्टोरिया राणीभोवतीच्या बायका विरोधी व्हिग पक्षाच्या पुढाऱ्यांच्या घरच्या, तेव्हा त्यांतल्या काही बदला, एवढीच त्यांची अट. एकोणीस वर्षांच्या व्हिक्टोरियाने साफ नकार दिला. पील यांनी मंत्रिमंडळ बनवलेच नाही, आधीचे व्हिग पंतप्रधान मेलबर्न परत आले आणि पील यांना १८४१ पर्यंत थांबावे लागले.

१८३९ चीच दुसरी हकिगत मात्र वाचवत नाही. व्हिक्टोरियाच्या आईकडे असलेल्या लेडी फ्लोरा हेस्टिंग्ज हिचे पोट वाढू लागले. लग्न झालेले नाही, मग वाड्यात कुजबुज सुरू झाली आणि खुद्द राणीचाही त्या कुजबुजीवर विश्वास बसला. वैद्यकीय तपासणीला सामोरे जाऊन तिने आपण निर्दोष असल्याचे सिद्ध केले, तरी तोंडे बंद झाली नाहीत. जुलैमध्ये, तेहतिसाव्या वर्षी ती गेली. शवविच्छेदनात यकृताचा आजार निघाला. दोन पावले मागे उभी असणारी बाई सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते, आणि तिच्यावर काही आले की तिच्या बाजूने बोलायला कोणी पुढे येईलच असे नाही. हे दरबाराबाहेरही मी पाहिले आहे.

आणखी एक. २०२२ मध्ये कॅमिला राणीने ही प्रथा बंद करून सहा ‘कम्पॅनियन’ नेमल्या. त्यांच्याकडे पत्रव्यवहार नाही. समारंभात सोबत करायची, बस्स. तुमच्या लेखात त्यांचा उल्लेख नाही. पुढच्या लेखात येईल तेव्हा कृपया ‘सखी’ लिहा, ‘मोलकरीण’ नको.

आपली,
एक निवृत्त स्वीय सहायक