प्राचीन हवामानाचा दाखला देताना वेगही सांगावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामानबदलाची चर्चा निघाली की ‘पृथ्वीचे हवामान पूर्वीही बदललेच होते, मग आताच एवढा गहजब कशासाठी?’ हा प्रश्न हमखास पुढे येतो. लेखांत येतो, वाचकांच्या पत्रांतही येतो. त्यातला पहिला भाग पूर्णपणे खरा आहे. मात्र तो खरा असल्याचे आपल्याला मुख्यतः समुद्रतळावर थरावर थर साचत गेलेल्या गाळावरून आणि त्यातील जीवाश्मांवरून कळले आहे. बदल किती झाला याबरोबरच तो किती काळात झाला, याचीही नोंद त्याच थरांत आहे. वर उल्लेखिलेल्या युक्तिवादात नेमकी ही दुसरी नोंद वगळली जाते, म्हणून हा पत्रप्रपंच.

खोल समुद्रात गाळ अतिशय संथपणे साचतो. बहुतेक ठिकाणी हजार वर्षांत जेमतेम काही सेंटिमीटर. या गाळात फोरॅमिनिफेरा नावाच्या एकपेशीय जीवांची चुन्याची कवचे मोठ्या संख्येने सापडतात. त्यांतील बहुतेक कवचे एक मिलिमीटरहूनही लहान असतात. गाळाचा तुकडा पाण्यात भिजवायचा, ६३ मायक्रॉन छिद्रांच्या चाळणीवर धुऊन वाळवायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या, बारीक टोकाच्या कुंचल्याने एकेक कवच टिपून जातीनुसार वेगळे करायचे, असे हे चिकाटीचे काम आहे. निवडलेली कवचे आम्लात विरघळवली की त्यांतून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि त्यातील ऑक्सिजन व कार्बन यांच्या जड आणि हलक्या अणूंचे प्रमाण मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजले जाते. पाणी जितके थंड, तितका त्यात घडलेल्या कवचात जड ऑक्सिजन किंचित अधिक असतो. हॅरल्ड यूरी यांनी १९४७ मध्ये या पद्धतीचा सैद्धांतिक पाया घातला आणि चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये ती समुद्रतळाच्या गाळाला लावून हिमयुगांच्या काळातील तापमानाचा आलेख मांडला.

हे सारे वाटते तितके सरळ नाही आणि ते तसे असल्याचे भासवूही नये. बाष्पीभवनात हलक्या ऑक्सिजनचे पाणी अधिक सहज उडून जाते. हिमयुगात ते बर्फाच्या रूपाने जमिनीवर अडकून पडते आणि उरलेला समुद्र ‘जड’ होतो. त्यामुळे जड कवच हे थंड पाण्याचे लक्षण की वाढलेल्या बर्फाचे, असा पेच उभा राहतो. एमिलियानींना जो फरक प्रामुख्याने तापमानाचा वाटला होता, त्यातला मोठा वाटा बर्फाचा असल्याचे निकोलस शॅकल्टन यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले. पुढे कवचातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियम यांच्या गुणोत्तरावरून तापमान स्वतंत्रपणे काढता येऊ लागले, तेव्हा या दोन गोष्टी बऱ्याच अंशी वेगळ्या करता आल्या. दुसरी एक अडचण तर कित्येक वर्षे छळत होती. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळात ध्रुवीय प्रदेश उबदार होते, पण कवचांवरून काढलेले उष्णकटिबंधीय समुद्राचे तापमान मात्र आजच्याहूनही कमी भरत होते, आणि हे कोणत्याही हवामान-प्रारूपात (संगणकावर गणिताने उभारलेल्या हवामानाच्या प्रतिकृतीत) बसत नव्हते. दोष निघाला तो कवचांच्या जतनात. समुद्रतळावर पडून राहिलेल्या कवचांचे पुनर्स्फटिकीकरण होताना, म्हणजे त्यांतला चुना विरघळून पुन्हा नव्याने स्फटिकरूपात जमताना, तळाच्या थंड पाण्याची खूण त्यांच्यात मिसळत होती. टांझानियातील चिकणमातीत काचेसारखी पारदर्शक राहिलेली कवचे मिळाली, तेव्हा २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून उष्णकटिबंधीय समुद्रही चांगलाच उबदार असल्याचे दिसले. प्रारूपांवर शंका घेणाऱ्यांनी हे उदाहरण आवर्जून लक्षात घ्यावे, कारण येथे प्रारूप नव्हे, तर मोजमाप चुकले होते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ‘पूर्वीही असेच तापले होते’ असे म्हणताना ज्या घटनेचा आधार घेतला जातो, ती बहुधा सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची, पॅलिओसीन आणि इओसीन या कालखंडांच्या सीमेवरची तापमानवाढ असते. अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रात १९८७ मध्ये काढलेल्या गाळाच्या नमुन्यातून जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी १९९१ मध्ये ती प्रथम स्पष्टपणे दाखवली. जागतिक सरासरी तापमान त्या वेळी सुमारे ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढले. त्याच थरात कवचांतील कार्बन एकाएकी हलका झालेला दिसतो. वनस्पती हलका कार्बन पसंत करतात, त्यामुळे सेंद्रिय मूळ असलेला कार्बन हलका असतो. तेव्हा असा कार्बन प्रचंड प्रमाणात हवेत आणि समुद्रात मिसळला असला पाहिजे. आजही खनिज इंधनांच्या ज्वलनामुळे वातावरणातील कार्बन हलका होत चालला आहे. त्या काळी ध्रुवांवर मोठे हिमस्तर नव्हते, त्यामुळे वर सांगितलेला बर्फाचा पेच येथे फारसा आड येत नाही.

या घटनेच्या खुणा पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शकही लागत नाही. दक्षिण अटलांटिकमधील वॉल्व्हिस रिज या पाण्याखालच्या डोंगररांगेवर २००३ मध्ये काढलेल्या नमुन्यांत कवचांनी भरलेला फिकट गाळ अवघ्या काही सेंटिमीटरांत संपतो आणि तांबूस-तपकिरी चिकणमातीचा पट्टा सुरू होतो. समुद्राने कार्बन डायऑक्साइड शोषला, पाण्याची आम्लता वाढली आणि तळावरची चुन्याची कवचे विरघळून गेली. मागे उरली ती फक्त माती. वरच्या बाजूला फिकट रंग हळूहळू परततो. समुद्रतळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेराच्या ३० ते ५० टक्के जाती या घटनेत कायमच्या नष्ट झाल्या आणि परिस्थिती पूर्वपदावर यायला लाखाहून अधिक वर्षे लागली.

मग वेगाचे काय? येथे एक रास्त आक्षेप घेतला जातो. एका सेंटिमीटरात कित्येक शतके मावत असतील आणि तळावरचे किडे ती माती सतत वरखाली करत असतील, तर एखादी झटपट झालेली घटनाही थरांत सावकाश झाल्यासारखी दिसेल. आक्षेप खरा आहे आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी गाळ जिथे अधिक वेगाने साचला, अशा किनाऱ्यालगतच्या जागा निवडाव्या लागतात. अमेरिकेतील न्यू जर्सी येथील अशाच एका नमुन्याचा अभ्यास रिचर्ड झीबे, अँडी रिजवेल आणि जेम्स झॅकोस यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती मला फार मार्मिक वाटते. कार्बन एका झटक्यात बाहेर पडला असता, तर कार्बनची खूण आधी आणि तापमानाची खूण मागाहून उमटली असती, कारण समुद्र तापायला वेळ लागतो. प्रत्यक्षात एकाच नमुन्यातील दोन्ही खुणा बरोबरीने सरकलेल्या दिसतात. म्हणजे समुद्राला सोबत तापत जाता येईल इतक्या संथपणे कार्बन येत होता. त्यांच्या हिशेबाप्रमाणे हा सुरुवातीचा टप्पा किमान ४ हजार वर्षांचा होता आणि कार्बनचे प्रमाण वर्षाला जास्तीत जास्त ११० कोटी टन. आज आपण वर्षाला सुमारे १ हजार कोटी टन कार्बन हवेत सोडतो. गेल्या ६ कोटी ६० लाख वर्षांच्या नोंदीत एवढ्या वेगाचे दुसरे उदाहरण त्यांना आढळले नाही. हा अंदाज पुढच्या संशोधनात थोडाफार बदलू शकतो, पण त्यामुळे ‘पूर्वीही असेच झाले होते’ या वाक्यातील ‘असेच’ टिकत नाही.

हा पुरावा ज्या साधनाने मिळाला त्याबद्दलही लिहिणे भाग आहे. अंटार्क्टिकाजवळचा १९८७ चा आणि वॉल्व्हिस रिजवरचा २००३ चा, असे दोन्ही नमुने ‘जॉइडिस रिझोल्यूशन’ या समुद्रतळात छिद्र पाडून गाळ काढणाऱ्या एकाच जहाजाने काढलेले आहेत. १९८५ पासून वैज्ञानिक मोहिमांवर जाणारे हे जहाज २०२४ मध्ये या कामातून निवृत्त झाले. त्याचा खर्च मुख्यतः उचलणाऱ्या अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने करार पुढे न वाढवण्याचा निर्णय आदल्या वर्षीच जाहीर केला होता, आणि त्याची जागा घेणारे दुसरे अमेरिकी जहाज तेव्हा तयार नव्हते. सुदैवाने आजवरचे नमुने जर्मनीतील ब्रेमेन, अमेरिकेतील टेक्सास आणि जपानमधील कोची येथील शीतगृहांत सुरक्षित आहेत. प्रत्येक नमुना उभा चिरून त्याचा अर्धा भाग जपून ठेवला जातो आणि उरलेल्या अर्ध्यावर संशोधन चालते. त्यामुळे नवी उपकरणे आली की जुन्याच गाळाला नवे प्रश्न विचारता येतात. तरीही ज्या जागी अजून छिद्रच पाडलेले नाही, तिथले थर कोणत्याही शीतगृहात मिळणार नाहीत. वैज्ञानिक खर्चाची कपात ही राजकीय बातमी म्हणून छापली जाते, तशी या जहाजाच्या निवृत्तीची दखल मराठी वृत्तपत्रांत ठळकपणे घेतली गेल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

जीवाश्मांविषयीच्या बातम्यांत ‘सर्वांत जुना’, ‘सर्वांत मोठा’ ही विशेषणे मथळ्यात झळकतात आणि तो जीव ज्या थरात सापडला त्या थराविषयी एक ओळही नसते. प्राचीन हवामानासंबंधी बातमी किंवा लेख छापताना तापमान किती बदलले, तो बदल किती वर्षांत झाला आणि तो कोणत्या पुराव्यावरून ठरवला, हे तिन्ही तपशील आपल्या संपादकीय विभागाने लेखकाकडून आग्रहाने मागून घ्यावेत, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक