आई, तुझ्या वहीतला ‘रिकामी’चा रकाना

फ्रेस्नो, कॅलिफोर्निया

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, “दलालाच्या नादी लागून कोण वर आलंय? खालच्या अंगाची एकरभर बाग काढतो, गिऱ्हाईक तयार आहे. ट्रकचं कर्ज फेडा आणि मोकळे व्हा.” तेव्हा मला बोलताच आलं नाही, आवंढा आला. म्हणून लिहायला बसले. बाबा, बाग विकू नका. विसार घेतला नसेल तर त्या माणसाला उद्याच नाही म्हणून सांगा. आम्हाला फटका बसला हे खरं, पण धंदा बुडालेला नाही. तो कसा चालतो हे मी तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही, ती चूक माझी.

गाडी तुमचे जावई चालवतात, भाडी मी ठरवते. सकाळी पाचला स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडायचा. लोड बोर्डावर, म्हणजे न्यायच्या मालाची यादी लावणाऱ्या वेबसाइटवर, माल कुठून कुठे, वजन किती, ब्रोकर (आपला दलाल) कोण, हे सगळं दिसतं. भाडं मात्र बहुतेक वेळा लिहिलेलं नसतं. ते फोन करून काढायचं. बाबा, ट्रक चालवायचात तेव्हा सांगलीच्या मार्केटात तुम्ही ट्रान्सपोर्टवाल्याच्या बाकड्यावर बसून जे काढायचा, तेच. सरकारने ठरवलेला दर इथे नाही. १९८० च्या कायद्याने ट्रकच्या भाड्यावरचं सरकारी नियंत्रण बरंचसं काढून घेतलं, तेव्हापासून ज्याला जमेल त्याने भाव करावा.

परवाचंच सांगते. गाडी बेकर्सफिल्डला खाली झाली होती. इथून फ्रेस्नोतून ओरेगॉनमधल्या मेडफर्डला बेदाणा न्यायचा होता. हो, बेदाणाच! तिकडे सध्या शेडवर माल पडत असेल ना? इथे बहुतेक मालाला डिपिंग (द्रावणात बुडवणं) नाही की शेड नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात द्राक्षं वेलींच्या ओळींमधल्या मातीत कागद अंथरून उन्हात टाकतात, म्हणून यांचा बेदाणा काळपट. पहिल्यांदा ते कागद पाहिले तेव्हा मी गाडीतून उतरून बांधावर उभी राहिले होते. तासगावची इतकी आठवण मला दुसऱ्या कशाने आली नाही.

तर ब्रोकर म्हणाला १,४४० डॉलर. मेडफर्ड ४८० मैल, म्हणजे मैलाला सरळ ३ डॉलर. ऐकायला झकास. पण गाडी बेकर्सफिल्डहून फ्रेस्नोकडे रिकामी न्यायची, ते ११० मैल. आणि मेडफर्डला आमच्या बंद ट्रेलरसाठी त्या दिवशी भरती नव्हतीच. सगळ्यात जवळची युजीनला, आणखी १७० मैल वर. सगळे मिळून ७६० मैल. आता भागून बघा: १ डॉलर ८९ सेंट. आमचा खर्च, म्हणजे डिझेल, ट्रकचा हप्ता, विमा, टायर, दुरुस्ती आणि तुमच्या जावयांची मजुरी, मैलाला १ डॉलर ९५. तीन डॉलरचं भाडं घेऊन आम्ही तोट्यात गेलो असतो.

हा हिशेब मी इथे शिकले नाही. आई, तुझी ती निळ्या पुठ्ठ्याची वही आठवते? बाबा फेरीवरून आले की आंघोळीच्या आधी तू विचारायचीस, “भरून किती, रिकामी किती?” किलोमीटरच्या दोन रकान्यांपैकी ‘रिकामी’चा तू लाल रिफिलने लिहायचीस. दिल्लीच्या संजय गांधी ट्रान्सपोर्ट नगरात बाबा परतीच्या भाड्यासाठी चार दिवस पडून होते आणि शेवटी मिळेल त्या भाड्यात गाडी भरून आले, तेव्हा तू त्या पानावर रोजच्या खोळंब्याचाही आकडा टाकला होतास. मी दहा-अकरा वर्षांची असेन. बाबा ते पान बघून जेवले नव्हते. माझ्या टेबलावर आज तसेच दोन रकाने आहेत, आणि मीही लालच पेन वापरते.

मग मी त्या ब्रोकरला १,८०० सांगितले. शिवाय रस्त्यात सिस्कियू घाट आहे, बर्फ पडलं की चाकांना साखळ्या चढवाव्या लागतात, हेही बोलले. तो म्हणाला, “माझ्याकडे एवढे नाहीतच.” मी नमस्कार करून फोन ठेवला. पूर्वी मला हे जमायचं नाही. गाडी उभी आहे, हप्ता समोर आहे, या भीतीने मी हो म्हणून टाकायचे. आता बोर्डावर बघते की तो माल किती वेळ तसाच पडलाय आणि त्या वाटेचा गेल्या पंधरवड्याचा सरासरी दर काय आहे. माल सकाळपासून पडून होता, भरायची वेळ दुपारी चारची. खोळंबा त्याचाही होत होता. वीस मिनिटांनी त्याचाच फोन आला, १,७०० वर ठरलं. ७६० मैलांवर भागलं तर मैलाला २ डॉलर २४ सेंट.

नुसत्या मैलांवरही भागत नाही. इथे ड्रायव्हरने दहा तास विश्रांती घेतली की चौदा तासांच्या आत अकरा तासच गाडी चालवता येते, आणि ते यंत्र नोंदवतं, त्यात हातचलाखी नाही. गोदामाने सहा तास दारात उभं केलं तर तो दिवस गेलाच. म्हणून दोन तासांच्या वर थांबावं लागलं तर तासाला किती देणार, हे भाड्याच्या कागदावर लिहून आल्याशिवाय मी गाडी हलवत नाही. फ्लोरिडाचंही तसंच. तिकडे जायला चांगलं भाडं देतात, पण वसंतातला भाजीपाल्याचा हंगाम सोडला तर परतीला हाल. दोन्ही फेऱ्यांची बेरीज केली की त्या चांगल्या भाड्यात काही राहत नाही.

आता त्या फटक्याचं. फोनवर मी अर्धवट सांगितलं होतं. नवीनच एक ब्रोकर होता, भाडं जरा जास्तच देत होता, तिथेच मला थांबायला हवं होतं. माल पोचवला, पोच पाठवली, आणि तीस दिवसांनी त्याचा फोन बंद. २,९०० डॉलर. इथे प्रत्येक ब्रोकरला ७५,००० डॉलरची हमी ठेवावी लागते, तिच्यावर दावा लावला. पण आमच्यासारखे बुडालेले पुष्कळ होते. वाटून आमच्या वाट्याला ६४० आले. रडले मी त्या दिवशी. आता ब्रोकरचा परवाना किती जुना आहे ते सरकारी नोंदीत बघते, तो पैसे किती दिवसांत देतो ते बोर्डावर बघते, आणि ईमेलमधल्या नंबरवर नाही, नोंदीतल्या नंबरवर उलटा फोन करते. त्याच्या नावाने दुसराच कोणी बोलत असू शकतो, तसे प्रकार इथे फार झालेत.

पण बाबा, दलाल म्हणजे फसवणूकच, हे मला पटत नाही. एका ट्रकवाल्याला मोठा कारखाना दारात उभा करत नाही. कारखान्याकडून पैसे यायला वेळ लागला तरी चांगला ब्रोकर आम्हाला तीस दिवसांत देतो, आणि थोडी कपात मान्य केली तर दोन दिवसांतही. दोघे-तिघे असे आहेत की शुक्रवारी गाडी घराकडे वळणारं भाडं आमच्यासाठी बाजूला ठेवतात. राग येतो तो एका गोष्टीचा. मालवाल्याकडून ब्रोकरने किती घेतले याची नोंद बघायचा हक्क कायद्याने आम्हाला आहे, पण कित्येक ब्रोकर करारातच तो आमच्याकडून सोडवून घेतात. सही केली नाही तर माल नाही. घाम आमचा आणि भाव झाकलेला, हा सरळ अन्याय आहे. तुम्हीही आयुष्यभर हेच सोसलंत.

२०२१ मध्ये भाडी इतकी चढली होती की कुणीही उठून ट्रक घेत होता. दुसऱ्या वर्षी ती उतरली आणि त्याच उन्हाळ्यात डिझेल गॅलनला देशभरात सरासरी सुमारे ५.८० डॉलरवर गेलं. आमच्या ओळखीच्या दोघांनी गाड्या परत केल्या. आम्ही टिकलो, कारण घराच्या खर्चात हात आखडला आणि तोट्याच्या भाड्याला नाही म्हणायला शिकलो. ट्रकचे आता चौदा हप्ते राहिलेत. ते आमचे आम्ही फेडू.

आई, ती वही अजून माळ्यावरच्या ट्रंकेत असेल. धाकट्याला सांगून दिल्लीच्या फेरीच्या त्या पानाचा फोटो काढून पाठव. ट्रंक तू स्वतः उतरवू नकोस, गुडघ्याला झेपणार नाही. बाबा, बीपीची गोळी सकाळी चहाच्या आधी, विसरू नका.

जावई आत्ता युजीनला भरतीसाठी रांगेत उभे आहेत. दोन तास होत आलेत. मी त्या ब्रोकरला फोन लावते.

तुमची,
लेक