काका, डेक्कन क्वीनच्या त्या लाल पट्टीसाठी थँक्यू

काका,

सा.न. समोर बसून बोलायला गेलं की तुम्ही "अरे त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून शेवटी लिहूनच काढतोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय कारण घरी बसून रेल्वेच्या डब्यांची छोटी मॉडेल्स बनवणाऱ्या पोरांना कळायला पाहिजे की मदत मागितली तर मिळते.

जुलैत मी तुमच्याकडे आलो तेव्हा पिशवीत डेक्कन क्वीनचे चार डबे होते. १:८७ स्केल, म्हणजे खऱ्यापेक्षा ८७ पट लहान, एक मिलिमीटरच्या स्टायरीन (प्लास्टिक) शीटमधून कापलेले. आयसीएफचा, म्हणजे जुन्या धाटणीचा, खरा डबा २१ मीटरपेक्षा थोडा जास्त, म्हणजे आपला साधारण २४५ मिलिमीटर, आणि एकेका डब्याच्या खिडक्या कापायला मला दोन-दोन आठवडे लागले होते. त्यावर मी एका दुपारी, बाहेर धो धो पाऊस चालू असताना, बाजारातला स्प्रे कॅन मारला. दमट हवेत रंग वाळता वाळता पांढरट पडला, खिडक्यांच्या कडांना ओघळ आले, टेपखालून निळा क्रीममध्ये शिरला. मला वाटलं संपलं, चारही डबे फेकायचे.

तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून डबा खिडकीपाशी उजेडात नेलात, नखाने कड चाचपलीत आणि म्हणालात, "काम पक्कं आहे रे, नुसता रंग उतरवायचाय." काका, त्या एका वाक्याने मी परत कामाला बसलो.

रंग उतरवण्यातच पहिले दोन रविवार गेले. थिनर लावलं असतं तर स्टायरीनच विरघळलं असतं, म्हणून झाकणाच्या ट्रेमध्ये आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), डबे रात्रभर बुडवून ठेवायचे, सकाळी जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासायचं, मग भांड्यांच्या साबणाने धुवायचं. एका डब्याचं छप्पर सुटलं तर तुम्ही काही न बोलता ते चिकटवून रबरबँड लावून ठेवलंत.

मग प्राइमर, आणि त्यानंतर जे शिकवलंत ते मला कुठल्या व्हिडिओत मिळालं नव्हतं. मी खऱ्या डब्याच्या शेडशी तंतोतंत जुळवलेला निळा घेऊन आलो होतो. तुम्ही मला गॅलरीत नेऊन समोरच्या सोसायटीचं निळं गेट दाखवलंत आणि तोच निळा रंग हातात धरून विचारलंत, कुठला गडद दिसतो? हातातला. लांबची वस्तू हवेमुळे फिकी दिसते, आणि आपण मॉडेल बघतो म्हणजे खरी गाडी लांबून बघितल्यासारखंच, म्हणून रंगात थोडा पांढरा टाकायचा. आयुष्यभर रेल्वेच्या कारखान्यात खरे डबे रंगवलेल्या माणसाने हे सांगावं याचं मला फार अप्रूप वाटलं.

आधी क्रीम, कारण फिका रंग गडदावर बसत नाही. रंग दुधाइतका पातळ, एअरब्रश सतत हलता, एकदम झाकायला जायचं नाही, चार-पाच झिरझिरीत हात. टेप लावली की तिच्या कडेवर परत एकदा क्रीमच मारायचा, म्हणजे कडेखालची फट क्रीमनेच बुजते आणि नंतरचा निळा आत शिरतच नाही. इतकी साधी गोष्ट! आणि खिडक्यांच्या वरची ती लाल पट्टी, जेमतेम एक मिलिमीटरची. टेप तुम्ही स्वतः काढलीत, रंग पूर्ण कडक व्हायच्या आधी, टेप मागे दुमडून हळूहळू ओढत. टोकापासून टोकापर्यंत सरळ रेघ निघाली तेव्हा तुम्ही नुसती मान हलवलीत. मी तर श्वासच धरून बसलो होतो.

हे सगळं मी बाबांसाठी करत होतो हे तुम्हाला खूप उशिरा सांगितलं. बाबांनी बावीस वर्षं पुणे-मुंबई पास काढून डेक्कन क्वीनने नोकरी केली. २०२२ च्या जूनमध्ये नव्या धाटणीचे एलएचबी डबे आले, रंगसंगती बदलली, नवी गाडीही छान आहे पण बाबांची गाडी ती निळी-क्रीमच. मॉडेलच्या दोन रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर आहे, आपल्या ब्रॉडगेजच्या हिशोबाने १९ च्या वर हवं, हे मला सारखं खुपत होतं. डबे दाखवले तेव्हा बाबांचं तिकडे लक्षसुद्धा गेलं नाही. त्यांनी चष्मा लावला, डबा डोळ्यांसमोर धरला, लाल पट्टीवरून अंगठा फिरवला आणि तिसऱ्या खिडकीवर बोट ठेवून म्हणाले, "इथे बसायचो मी." मग बराच वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही. काका, ही खिडकी तुमच्यामुळे वाचली.

तुम्ही पाच रविवार दिलेत, गुडघे दुखत असताना तासन् तास उभे राहिलात, पैशाचं नाव काढू दिलं नाहीत, आणि काकूंनी दर वेळी पोहे करून घातले. मनापासून थँक्यू, दोघांनाही.

डायनिंग कार अजून बाकी आहे. वॉर्निश झालंय, काचा बसवायच्यात, आत टेबलं लावायचीत. आणि डेक्कन क्वीनच्या १९३० च्या पहिल्या दोन रेकबद्दल (डब्यांच्या संचांबद्दल) तुम्ही बोलला होतात ना, एक रुपेरी नि लाल, दुसरा निळा सोनेरी रेघांचा, त्यातला सोनेरी रेघांचा करायचं डोक्यात आहे. त्या रेघा ब्रशने ओढायच्या की डेकल (चिकटवायची छापील रेघ) करायचं, हे विचारायला येत्या रविवारी येतो. पोहे या वेळी आमच्याकडून.

तुमचाच