बायबल वाचन मंडळ: येत्या रविवारच्या वाचनाबाबत सूचना

मंडळाच्या सर्व बंधू-भगिनींस सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी सायंकाळी ५ वाजता, नेहमीच्या जागी, जुन्या करारातील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातील ३२ व्या अध्यायाचे वाचन होईल. कृपया तो अध्याय घरी एकदा पूर्ण वाचून यावे.

यरुशलेमेला बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याचा वेढा पडलेला असताना आणि यिर्मया स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, देवाच्या शब्दावरून त्याने अनाथोथ येथील चुलतभावाचे शेत सतरा शेकेल (त्या काळचे एक वजन) रुपे, म्हणजे चांदी, तोलून देऊन विकत घेतले. खरेदीखतावर साक्षीदारांच्या सह्या झाल्या, ते मोहोरबंद झाले आणि पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवण्यात आले. जमिनीचे कागद जिवापाड जपणे म्हणजे काय, हे आपल्या गोव्यात कोणाला सांगायला नको. परंतु शत्रू वेशीशी आलेला असताना शेत घेणारी ही आशा निराळी आहे. ती परिस्थितीकडे नव्हे, तर शब्द देणाऱ्या देवाकडे पाहते. पुढे नगर पडले, लोक परागंदा झाले, तरी देवाने त्यांना परत आणलेच.

विलापगीत ३:२२-२३ आणि रोमकरांस पत्र १५:४ ही वचनेही पाहून ठेवावीत.

गोव्यातील रायतूर येथे १६१६ मध्ये प्रथम छापलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात जुन्या करारापासून ख्रिस्तापर्यंतची कथा मराठी ओव्यांत सलग सांगितली आहे. ज्यांच्या घरी त्याची प्रत असेल त्यांनी ती अवश्य आणावी.

ज्या ज्येष्ठ सदस्यांना येण्यासाठी वाहनाची गरज आहे, त्यांनी शनिवारपर्यंत कळवावे.