भेटीची खोली कोर्टाबाहेर काढा

मा. विधी व न्यायमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

मुलाचा ताबा माझ्याकडे आहे. मुलांच्या भेटीबद्दलची पत्रं बहुधा बाप लिहितात, म्हणून हे आधीच सांगते. वेगळं राहायला लागल्यावर आठ महिने मी पोराला त्याच्या पप्पांना भेटू दिलं नाही. तारखा पडत होत्या, वकील ‘थांबा’ म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर थांबणं मलाही सोयीचं होतं.

शेवटी आदेश झाला. महिन्यातले दोन शनिवार, अकरा ते एक, कोर्टाच्या आवारातल्या खोलीत. (कुठलं कोर्ट ते लिहीत नाही.) खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या, एक चाक तुटलेली खेळण्यातली गाडी, आणि दाराबाहेर नावांचा पुकारा. सहा वर्षांचं पोर दारातच थबकलं. ज्याला ‘ए पप्पा’ म्हणत खांद्यावर चढायचं, त्याला म्हणालं, ‘तुम्ही कुठं बसणार?’

मी बाहेर बाकावर होते. ते ‘तुम्ही’ मला ऐकू आलं.

त्याचे पप्पा शिवाजी पेठेत वाढलेले, फुटबॉलवेडे. शाहू स्टेडियमवर मॅच दुपारी असते, आणि भेट एकला संपायची. त्या खोलीत बसून बापानं पोराशी खेळायचं तरी काय? पुढं आम्हीच कोर्टात संमतीची पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, दिली. आता शनिवारी नेतात, रविवारी संध्याकाळी आणून सोडतात, बहुतेक वेळा गुडघे फोडून. ‘ए पप्पा’ परत यायला मात्र तीन महिने लागले.

साहेब, कायदा आडवा येत नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 प्रमाणे दावा चालू असतानाच भेटीचा आदेश देता येतो. यशिता साहू प्रकरणात 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं तर दूर राहणाऱ्या पालकाशी व्हिडिओ कॉलवर बोलणं हाही पोराचा हक्क धरला. संयुक्त ताब्याची शिफारस विधी आयोगानं 2015 च्या 257 व्या अहवालातच केली आहे. विषय समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो असा; दिल्लीकडं बोट दाखवून भागत नाही. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक किती, हेही राज्यच उच्च न्यायालयाशी बोलून ठरवतं.

ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच आलं, मुंबईच्या खेपा वाचल्या, आनंदच आहे. पण पोराचे आठ महिने जातात ते खालच्या कोर्टात. दावा दाखल झाल्यापासून महिन्याभरात तात्पुरत्या भेटीवर निर्णय व्हावा. आणि भेट बागेत, बालवाडीत, वाचनालयात, कुठंही होऊ दे. पुकाऱ्याच्या आवाजात नको.

जिथं मारहाण झालेली आहे, तिथं भेट समुपदेशकाच्या नजरेखालीच व्हावी, आणि धोका असेल तर होऊच नये. त्या बाईला माझं उदाहरण कुणी ऐकवू नये.

दौऱ्यावर असताना एखाद्या शनिवारी अकरा वाजता, न कळवता, अशी एक खोली बघून या.

आपली,
एक आई, कोल्हापूर